गाण्याला ऑस्कर, मग पावलांचं काय? पडद्यावरचा नाच कसा घडतो आणि तो कुणाचा असतो

मार्च २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: राजवाड्यासमोर दोन गडी, अंगात गॅलिस लावलेली पँट, एकमेकांना धरून झपाट्यानं पाय झटकणारे. पुरस्कार घ्यायला मंचावर गेले ते संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस. ते योग्यच होतं, कारण पुरस्कार ‘सर्वोत्कृष्ट मूळ गीता’चा होता. पण जगानं ज्याची नक्कल केली ते पाऊल बसवलं होतं प्रेम रक्षित यांनी. त्यांचं नाव त्या दिवशी किती जणांच्या तोंडी आलं?

ऑस्करमध्ये नृत्यदिग्दर्शनाला आज स्वतंत्र पुरस्कार नाही. एके काळी होता. १९३५, १९३६ आणि १९३७ या तीन वर्षांच्या चित्रपटांसाठी तो दिला गेला आणि मग बंद झाला. अलीकडे कलाकार निवडणाऱ्यांसाठी नवा पुरस्कार आला, स्टंटसाठीही २०२७ च्या चित्रपटांपासून येतो आहे. नाच अजून दाराबाहेर आहे. आपल्याकडे निदान फिल्मफेअरनं १९८९ मध्ये हा पुरस्कार सुरू केला आणि पहिला मान सरोज खान यांना दिला.

पुरस्काराची बाब मी वरवरची मानतो. तिच्याखाली खरा प्रश्न आहे: पडद्यावरचा नाच नेमका करतं कोण? संगीतकार, नृत्यदिग्दर्शक, नाचणारा, कॅमेरामन की संकलक? याचं उत्तर नीट मिळालं, की श्रेय आणि पैसा यांचा घोळही बराचसा उलगडतो.

आधी गाणं, मग नाच

नृत्यदिग्दर्शन किंवा कोरिओग्राफी म्हणजे कुणी, केव्हा, कुठे आणि कसं हलायचं याची आखणी. त्यात पावलं येतात, तशाच जागा येतात, थांबणं येतं, नजर कुठे टाकायची तेही येतं. सेटवर हे काम करणाऱ्याला ‘मास्टरजी’ म्हणतात.

आपल्या सिनेमात हे काम सुरू होतं तेव्हा गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. सेटवर ते मोठ्या स्पीकरवर वाजतं, कलाकार त्यावर ओठ हलवतो आणि नाचतो. मास्टरजींचे सहायक आकडे ओरडत असतात, ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’. आठ ठोक्यांचा एक तुकडा हे नाचाचं माप. मुखडा किती आठांचा, अंतरा किती आठांचा, मधला म्युझिक पीस किती आठांचा, हे आधी मोजलं जातं आणि मग त्यात हालचाल भरली जाते.

ही पद्धत नेहमीची नव्हती. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत नट-नटी कॅमेऱ्यासमोर खरंच गात आणि वादक चौकटीच्या बाहेर कुठेतरी दडून साथ करत. माइकपासून फार दूर जाता येत नसे, आणि दम लागला की सूर हलायचा. नाचणार कसं? १९३५ मध्ये कोलकात्यात नितीन बोस यांच्या चित्रपटात आधी गाणं ध्वनिमुद्रित करून नंतर चित्रीकरण करायची पार्श्वगायनाची रीत रुजली. गळा आणि पाय वेगळे झाले. गाणाऱ्याला धाप लागायची भीती उरली नाही आणि नाचणाऱ्याला धाप लागेपर्यंत नाचायची मोकळीक मिळाली. हिंदी-मराठी सिनेमातल्या नाचाची सगळी उसळी या एका तांत्रिक सोयीवर उभी आहे, असं माझं मत आहे.

आता थोडं गणित. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी, म्हणजे फ्रेम्सनी, चालतो. गाण्याची गती मिनिटाला १२० ठोके असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे १२ फ्रेम्सचा. आठ ठोक्यांचा तुकडा ९६ फ्रेम्सचा, चार सेकंदांचा. संकलक दोन शॉट्स जोडताना याच मापानं विचार करतो. ठोक्यावर कापलं तर प्रेक्षकाच्या अंगात ताल भिनतो. चुकीच्या जागी कापलं तर नाचणारा तालात असूनही बेताल दिसतो.

कधी गाण्यात पदर हळूहळू उडतो, केस संथ लहरतात, पण ओठ मात्र शब्दांवर बरोबर जुळलेले असतात. हे साधतं ते असं: सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, कलाकार त्याच वेगानं ओठ हलवतो, आणि कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेम्स टिपतो. मग पडद्यावर ते २४ नं दाखवलं की हालचाल संथ होते आणि ओठ मूळ चालीवर येऊन बसतात. त्या धावत्या गाण्यावर चेहरा शांत ठेवणं आणि हात तरंगल्यासारखे हलवणं हे नाचणाऱ्याचं कसब असतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

ताल आणि पाऊल यांचं नातं किती प्रकारचं

सगळ्यांत ओळखीचं नातं म्हणजे पायानं तालाला धरून राहायचं. ‘नाटू नाटू’चा ठेका सहाच्या हिशेबाचा आहे, तीन-तीनच्या दोन गटांचा. दादरा ऐकलेल्या कानाला तो लगेच ओळखू येतो. असा ठेका अंगाला झुलवतो, टाच फार वेळ जमिनीवर टेकू देत नाही. संगीतकारानं ठेका निवडला तेव्हाच नाचाची अर्धी प्रकृती ठरली होती. उरलेली अर्धी नृत्यदिग्दर्शकाच्या हाती होती: दोन नायकांपैकी कुणीही वरचढ दिसू नये, दोघांचे पाय एकाच क्षणी उचलले जावेत.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतले नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम. त्यांनी आणि संगीतकार जॉन केज यांनी ठरवलं की नाच वेगळा रचायचा, संगीत वेगळं रचायचं आणि दोघांनी फक्त एकूण वेळ सारखी ठेवायची. कित्येकदा नर्तक ते संगीत पहिल्या प्रयोगालाच ऐकत. आपल्याला हे विचित्र वाटतं. पण पाहताना मेंदू आपोआप जोड्या लावतो: इथे झांज वाजली आणि तिथे हात वर गेला, म्हणजे काहीतरी संबंध असणार. बराचसा मेळ पाहणाराच घडवतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

तिसरा मार्ग मला सर्वांत जवळचा वाटतो. बेल्जियमच्या आन तेरेसा दे कीर्समाकर यांनी १९८३ मध्ये ‘रोसास दान्स्त रोसास’ ही रचना केली. चार बायका, काही खुर्च्या. पहिल्या भागात संगीतच नाही. त्या जमिनीवर पडलेल्या, कूस बदलतात, हात आपटतो, श्वास सुटतो, आणि तेवढाच ठेका. मग खुर्च्यांवर बसून त्या रोजच्या हालचाली करतात. केसांतून हात फिरवणं, खांद्यावरून घसरलेलं ब्लाउज वर ओढणं, पायावर पाय टाकणं, डोकं तळहातावर टेकणं. यातलं काहीच ‘नाच’ म्हणावं असं नाही. पण तेच ठरावीक ठोक्यांवर, पुन्हा पुन्हा, कधी चौघी एकत्र तर कधी एकीनं जरा मागे राहून होऊ लागलं की कंटाळा, थकवा, राग, हट्ट असं सगळं दिसायला लागतं. त्याचं संगीत तिएरी दे मे आणि पीटर व्हेर्मेर्श यांचं. पुढे याच दे मे यांनी १९९७ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेन गावातल्या एका जुन्या तंत्रशाळेच्या रिकाम्या इमारतीत त्याचा चित्रपट केला. संगीत करणारा माणूसच कॅमेऱ्यामागे उभा राहिल्यावर शॉट कुठे बदलायचा हा प्रश्नही तालाचाच होतो.

कॅमेरा आला की नाचाचं काय होतं

मैदानात बसून क्रिकेट पाहताना आपण हवं तिकडे बघतो: फलंदाजाकडे, सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाकडे, पंचाकडे. टीव्हीवर मात्र दाखवतील तेच दिसतं, पण चेंडूची शिवणसुद्धा दिसते. रंगमंचावरचा नाच आणि पडद्यावरचा नाच यांत असाच फरक आहे. पाहणाऱ्याची मोकळीक जाते आणि त्या बदल्यात जवळीक मिळते.

या देवघेवीला वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळी उत्तरं दिली. १९३० च्या दशकात हॉलिवूडचे नर्तक-नट फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे की डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि शॉट शक्य तितका अखंड हवा. म्हणजे पाहणाऱ्याला खात्री पटते की हे माणसानं खरंच केलं. त्याच काळात तिथलेच नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कली यांनी कॅमेरा छताला नेला आणि डझनावारी मुलींची वरून फुलं, चक्रं, चांदण्या केल्या. तिथे एकेकीला नाच कितपत येतो याला फारसं महत्त्व नव्हतं. नाचत होता तो आकार.

माया डेरेन यांनी १९४५ मध्ये कॅमेऱ्यासाठीच रचलेला जेमतेम काही मिनिटांचा मूकपट केला. त्यात नर्तक टॅली बीटी झाडीत पाय उचलतो आणि तो पाय खाली येतो तो एका घराच्या खोलीत. पाऊल एकच, जागा दोन. हे पाऊल कुठल्याही रंगमंचावर टाकता येणार नाही. ते शरीरानं सुरू केलं आणि कात्रीनं पूर्ण केलं. पडद्यासाठीच्या नृत्यदिग्दर्शनाचा अर्थ समजून घ्यायला मला यापेक्षा स्वच्छ उदाहरण माहीत नाही.

आपल्याकडे उदय शंकर यांनी १९४८ च्या ‘कल्पना’मध्ये हाच शोध आपल्या पद्धतीनं घेतला. सावल्या, दुहेरी प्रतिमा, तिरके कोन, यंत्रांसारखी हलणारी माणसं. संगीत विष्णुदास शिराळी यांचं. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेला एक तरुण १९४४ मध्ये पुण्यात प्रभातमध्ये दाखल झाला आणि तिथे त्यानं नृत्यदिग्दर्शनाचं काम केलं. त्याचं नाव गुरुदत्त. पुढे त्यांच्या गाण्यांमध्ये कॅमेरा ज्या लयीत पुढे सरकतो, मागे येतो, थबकतो, ती लय नाच शिकलेल्या माणसाची आहे. हे ठाऊक झाल्यावर ती गाणी वेगळी दिसतात.

‘कॅमेऱ्यानं नाच खोटा केला’ ही तक्रार खरी आहे का?

अर्धी खरी आहे. लावणीचंच घ्या. फडावर नाचणारी बाई ढोलकीच्या तालावर नुसती नाचत नाही, तिचे घुंगरू स्वतः वाजतात. ढोलकीवाला एक तुकडा टाकतो, ती पायानं उत्तर देते, तो पुन्हा कोडं घालतो. ती नर्तकी आहे तशीच वादकही आहे. सिनेमात गाणं आधी बांधलेलं असतं, सेटवरचा आवाज वापरत नाहीत आणि पडद्यावर ऐकू येणारे घुंगरू बहुतेक वेळा स्टुडिओत दुसऱ्याच कुणीतरी वाजवलेले असतात. सवाल-जवाब संपतो, आणि ती आधीच ठरलेल्या उत्तरावर पाय टाकते. हे खरं नुकसान आहे आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही.

पण बैठकीच्या लावणीचा विचार केला तर उलटं दिसतं. यमुनाबाई वाईकर बसून, एका ओळीला भुवई, बोटं, मान यांनी एकामागून एक वेगळे अर्थ देत अदा करत. ही कला चार हात अंतरावर बसलेल्यांसाठी होती. हजार लोकांच्या सभागृहात शेवटच्या रांगेला ती पोचत नाही. क्लोजअपमध्ये पोचते. कॅमेरा पायांचं घेतो आणि डोळ्यांना देतो.

मग हा नाच कुणाच्या मालकीचा?

२०११ मध्ये बियॉन्से यांच्या ‘काउंटडाउन’ या गाण्याचा व्हिडिओ आला. त्यात त्याच रिकाम्या इमारतीसारख्या खोल्या, तशाच बसलेल्या बायका, खांद्यावरून घसरणारे तसेच कपडे. दे कीर्समाकर यांनी जाहीरपणे सांगितलं की हालचालीच नव्हे, पोशाख आणि शॉट्सही त्यांच्या चित्रपटांमधले आहेत. बियॉन्से यांनी ती रचना आपल्या प्रेरणांपैकी एक होती हे मान्य केलं.

या प्रकरणात काय उचललं गेलं ते पाहा. संगीत वेगळं होतं. उचललं ते पाऊल, जागा आणि चौकट यांचं एकत्र बांधलेलं गाठोडं. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं: पडद्यावरचा नाच पावलांत मावत नाही. ताल, शरीर आणि भिंग मिळून तो होतो, आणि नृत्यदिग्दर्शक या तिन्हींमध्ये काम करत असतो.

भारतीय कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना ‘नाट्यकृती’त मोडते. अट अशी की ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली हवी. आणि चित्रपट मात्र नाट्यकृतीच्या व्याख्येतून वगळला आहे. चित्रपट ही वेगळी कृती, तिचा मालक सहसा निर्माता. कन्नड लेखक के. शिवराम कारंत यांनी यक्षगान या कर्नाटकातल्या लोकनाट्याला नवं रूप देऊन जे बॅले बसवले, त्यांच्या हक्कांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये न्यायालयानं ही साहित्यकृती नसून नाट्यकृती आहे असं ठरवलं. म्हणजे बसवलेल्या नाचाला हक्क असतो, हे आपल्या देशात मान्य आहे.

अडचण पुढे आहे. २०१२ मध्ये कायदा बदलला आणि चित्रपटात वापरलेल्या गीताचे आणि संगीताचे हक्क निर्मात्याला दिले तरी कवी आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सुटणार नाही, अशी तरतूद आली. फार मोठा आणि न्याय्य बदल होता तो. पण त्या तरतुदीत शब्द आहेत साहित्यकृती आणि संगीतकृती. नाट्यकृती नाही. त्यामुळे एकच गाणं वर्षानुवर्षं वाजत-दिसत राहिलं तर शब्दांच्या आणि चालीच्या धन्याला वाट्यावर दावा सांगता येतो. पाऊल बसवणाऱ्याला तसा कायद्याचा आधार नाही. करारात लिहून घेतलं असेल तेवढंच त्याचं.

‘पाय उचलण्यावर कसला आलाय हक्क?’

हा आक्षेप योग्य आहे आणि कायदाही तो मानतो. एखादी गिरकी, एखादी ठुमक, एक उडी यांवर कुणाचा हक्क नसतो, नसावा. सा-रे-ग-म कुणाचे नाहीत, पण बंदिश कुणीतरी बांधलेली असते, तसंच पावलांचं. प्रश्न असतो तो रचना कुठे सुरू होते याचा.

अमेरिकेत हा प्रश्न फार बारकाईनं लढला गेला. काइल हानागामी या नृत्यदिग्दर्शकाचा दावा होता की ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममधल्या पात्राच्या नाचात त्यांच्या ९६ ठोक्यांच्या रचनेतले ४ ठोके घेतले आहेत. चार ठोके म्हणजे जेमतेम दोन सेकंद. खालच्या न्यायालयानं दावा फेटाळला. नोव्हेंबर २०२३ मध्ये वरच्या न्यायालयानं तो पुन्हा उभा केला: तुकडा छोटा आहे एवढ्यावरून तो किरकोळ ठरत नाही, नाचाकडे सुट्या मुद्रांची यादी म्हणून बघू नका. शेवटी तडजोड झाली. पण संपूर्ण रचनेत लोकांच्या लक्षात राहणारा भाग अनेकदा तेवढाच असतो, हे न्यायालयानं ऐकून घेतलं.

आणि जे सगळ्यांचंच आहे, त्याचं काय?

कोळीनृत्य, धनगरी गजा, लेझीम कुणा एकाचं नाही. ते सिनेमात यावं, बदलावं, नाचलं जावं. मालकीची भाषा इथे लावली तर गावच्या जत्रेवर कुंपण घातल्यासारखं होईल. पण एखादा कलाकार ते शिकवायला सेटवर येतो, मुख्य नटीला ठसका दाखवतो, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव नसतं, हे मात्र टाळता येण्यासारखं आहे. तिथे कॉपीराइटची गरज नाही, एक ओळ छापायची गरज आहे.

फोनच्या उभ्या पडद्यावर

आता नाच सर्वाधिक पाहिला जातो तो फोनवर, उभ्या चौकटीत. या चौकटीत एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत छान बसतो. आडव्या रांगा, डावीकडून उजवीकडे जाणारे घोळके बसत नाहीत. म्हणून गाण्याचं ‘हुक स्टेप’, म्हणजे लक्षात राहणारं मुख्य पाऊल, आता जागच्या जागी करण्यासारखं, हातांनी आणि खांद्यांनी भरलेलं असतं. संगीतकारही दहा-पंधरा सेकंदांचा असा तुकडा गाण्यात ठेवतात की तो सुटा उचलता येईल. चौकट बदलली म्हणून पाऊल बदललं आणि पाऊल बदललं म्हणून चाल बदलली.

नाव हरवणंही सोपं झालं. अमेरिकेत जलाया हार्मन या चौदा वर्षांच्या मुलीनं २०१९ मध्ये ‘रेनिगेड’ हा नाच रचला. टिकटॉकवर तो जगभर पसरला, प्रसिद्धी दुसऱ्यांना मिळाली. २०२० मध्ये एका मोठ्या वृत्तपत्रानं तिची गोष्ट छापली तेव्हा मूळ नाव पुढे आलं.

मग नक्कल करायचीच नाही का?

अवश्य करायची. नाच आजवर टिकला तोच एकानं दुसऱ्याचं पाहून केला म्हणून. लग्नाच्या संगीतात, गणपतीच्या मंडपात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये सिनेमाची पावलं बसवणाऱ्या कुणावरही कुणी रागावू नये. वेगळा हिशेब लागतो तो त्या पावलावर जाहिरात, चित्रपट किंवा गेम विकला जातो तेव्हा.

दे कीर्समाकर यांनी स्वतः काय केलं ते इथे उपयोगी आहे. २०१३ मध्ये, मूळ रचनेला तीस वर्षं होताना, त्यांच्या ‘रोसास’ या मंडळीनं खुर्च्यांचा तो भाग लोकांसाठी खुला केला. हालचाली टप्प्याटप्प्यानं शिकवणारे व्हिडिओ इंटरनेटवर टाकले, संगीत दिलं आणि सांगितलं की तुमची आवृत्ती करा, चित्रित करा आणि आम्हाला पाठवा. लोकांनी आपापल्या जागी, आपापल्या खुर्च्यांवर बसून त्या आवृत्त्या केल्या आणि पाठवल्या. प्रत्येक आवृत्तीत शरीरं वेगळी, खोल्या वेगळ्या, कॅमेरा वेगळा; आणि पाऊल कुणाचं, हे मात्र ‘रोसास’ या नावासकट सोबत गेलं.